फटफटीचं औषध

पोलादपूरच्या नाक्यावर गोदूबाई महाडच्या मोटारीची वाट बघत बसली होती. समोर महाबळेश्वरच्या गॅरेजात कामाला असलेला चांगू आपल्या फटफटीपाशी उकिडवा बसला होता. मागे त्याची बायको आवडी उभी.

"बाटलीत काय हाय?"

"औषध. पेट्रोलात घातलं का कारबुरेटरातली घाण विरघळते."

"गेल्या खेपेला रॉकेल घातलंत."

"त्यानं खोकला वाढला तिचा."

"मी ढकलत आणली घरापर्यंत. बाया हसल्या."

"तू पण हसलीस."

"मग काय रडू? देऊन टाका कोणाला तरी."

"गॅरेजच्या सायबानं विलायतेला जाताना मायेनं दिली गो."

"रजेवर आलात तो सगळा वेळ हिच्याच पोटात हात घालून गेला."

"ही घाट चढायला लागली, तर दर शनवारी घरी येईन. नायतर हायेच आपलं, शिमगा नाय तर गणपती."

आवडी पदर खोचून त्याच्या शेजारी बसली.

"किती घालायचं?"

"टोपणभर."

"दोन घाला."

"जास्त घातलं तर बिघडेल."

"बरं. टोपण मी धरते, तुम्ही ओता."

फटफटीनं पांढरा धूर ओकला, दोनदा ठसकली आणि मग एका सुरात चालू झाली. चांगू घाटाच्या रस्त्याला लागला. तेवढ्यात महाडची मोटार आली, थांबली आणि निघूनही गेली; गोदूबाई घाटाकडे कान लावून बसलेलीच.

"मावशी, तुमची मोटार गेली की."

"जाऊ दे. आवाज येतो हाय का गो अजून?"

"येतो हाय. पहिल्या वळणावर असतील."

"मग बोलू नको. ऐक."