खांबाला बांधलेला देवमासा

मोएलागी : आणि बूट बाहेर काढ, लेफ्टनंट साहेब. उभ्यानं बोलायची पद्धत नाही आमच्या घरात. उभे राहतात ते खांब, आणि खांबाशी कोण बोलतंय?

गिलख्रिस्ट : बसलो, आजी. पण आता विषय बदलू नका. तुमचा मुलगा तावीता आमच्या राज्याविरुद्धच्या चळवळीतल्या माउवाल्यांबरोबर दोन महिने रानात आहे. काल ओढ्यापाशी त्याच्या पायाला गोळी लागली. रक्ताचा माग थेट या गावात येतो.

मोएलागी : डुकराचं असेल. आमची डुकरं फार धडपडी. घे, नारळ पी. उन्हानं खेकड्यासारखा लाल झालायस.

गिलख्रिस्ट : आभारी आहे. ...गोड आहे.

मोएलागी : प्यायलास ना? मग फसलास. आता तू पाहुणा. सामोआत पाहुणा यजमानाच्या घरातली वस्तू उचलत नाही. चटई नाही, टोपली नाही, पडदाही नाही.

गिलख्रिस्ट : दोन वर्षं तुमच्या राजधानीत, आपिआत काढली मी. एवढं माहीत असायला हवं होतं.

मोएलागी : तहान लागली की माहिती कुणाला आठवते? मला एक सांग बाबा. तुम्हाला इथलं ऊन सोसत नाही, तुमच्या पोरांच्या अंगावर गळवं उठतात, आमचा तारोचा कंद तुमच्या घशाखाली उतरत नाही. माड पोखरणारे गेंडाभुंगे वेचायचा तुमचा हुकूमसुद्धा गेली दोन वर्षं आम्ही पाळत नाही. मग जात का नाही तुम्ही?

गिलख्रिस्ट : कायदा-सुव्यवस्था म्हणून एक गोष्ट असते.

मोएलागी : हे कागदावरचं झालं. आता बसलायस तसं सांग.

गिलख्रिस्ट : बसलोय तसं... पाय मेलेत माझे, आजी. खरं सांगू? आमचा न्यूझीलंड हा साम्राज्याच्या घरातला धाकटा. आजवर थोरल्यांचं ऐकलं. पहिल्यांदाच कुणीतरी आमच्या हाताखाली दिलं. तेही सांभाळता येत नाही म्हटल्यावर लंडनमध्ये काय म्हणतील?

मोएलागी : अगदी माझा आजा! त्यानं देवमासा बांधला होता, ठाऊक आहे का?

गिलख्रिस्ट : बांधला? कशाला?

मोएलागी : कशाला काय, घराच्या खांबाला! काथ्याचा दोर, माझ्या मांडीएवढा जाड. सात बेटांवरून लोक बघायला यायचे. पहिल्या दिवशी माशानं शेपूट हलवलं, घर दोन हात सरकलं. आजा शेजाऱ्यांना म्हणाला, वारा बरा लागावा म्हणून मीच सरकवतोय.

गिलख्रिस्ट : आणि तुमची आजी?

मोएलागी : ती बिचारी तिसऱ्या दिवसापासून गुडघाभर पाण्यात रांधत होती. मासे आपल्या पायांनी भांड्यात यायचे, म्हणून काही बोलली नाही.

गिलख्रिस्ट : माशांना पाय?

मोएलागी : तेव्हा होते. मधे बोलू नकोस. सगळे म्हणाले, अरे सोड तो दोर. तर आजा म्हणतो, आज हा सोडला तर उद्या माझी डुकरं दोर ओढतील, परवा कोंबड्या. आणि रात्री आजीला हळूच म्हणाला, अगं, आज मी देवमासेवाला आहे. सोडल्यावर कोण? मोठ्या कानांचा एक बुटका.

गिलख्रिस्ट : हं.

मोएलागी : मग वल्ह्यानं बडवला त्याला. तीन महिने बडवला. मासा उलटून एकदाही मारायचा नाही रे. नुसता ओढायचा, समुद्राकडे तोंड करून. त्यानंच आजा वेडा झाला. मारणाऱ्याला मारता येतं. न मारणाऱ्याचं काय करायचं?

गिलख्रिस्ट : मी आपिआत होतो, आजी. त्या शनिवारी. आमच्या लोकांनी माउच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या तेव्हा.

मोएलागी : ...मला ठाऊक नव्हतं.

गिलख्रिस्ट : शेकडो माणसं होती, पांढऱ्या पट्टीच्या निळ्या लुंग्या नेसलेली. मनात आणलं असतं तर आम्हाला चिरडलं असतं. तुमचे सर्वांत थोर सरदार गोळी लागून रस्त्यात पडले होते, आणि मरता मरता त्यांनी निरोप ठेवला, माझ्यासाठी रक्त सांडू नका. तो निरोप लोकांनी पाळला, आजी! माझ्या वडिलांनी मोठ्या युद्धात चार वर्षं काढली. असं शौर्य त्यांनी कधी पाहिलं नसेल.

मोएलागी : तुझ्या वरिष्ठांना हे लिहून कळवलंस का?

गिलख्रिस्ट : तीनदा लिहिलं. तीनदा फाडलं. ...आजाचं काय झालं शेवटी?

मोएलागी : व्हायचं काय? एका सकाळी खांब गेला, घर गेलं. आजा पोहत किनाऱ्याला लागला आणि वाळूत बसून राहिला. लोकांनी त्याला जेवायला बोलावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी माशाबद्दल विचारलं नाही, म्हणे. पोटभर जेवला.

डोबी : (गिलख्रिस्टचा शिपाई; बाहेरून उंबऱ्याशी येत, इंग्रजीत) साहेब! सगळं गाव तपासून झालं. एकही पुरुष नाही. हे एकच घर राहिलं.

गिलख्रिस्ट : मी आहे ना इथं, डोबी.

डोबी : ते समुद्राकडचे झावळ्यांचे पडदे खाली सोडलेत, साहेब. एवढा झकास वारा असताना! गावात एका घराचा पडदा खाली नाही. उचलू का?

मोएलागी : काय म्हणतोय हा? मला तुमची भाषा कळत नाही.

गिलख्रिस्ट : तुम्हाला छान कळते, आजी. हातातल्या चटईची वीण चुकली बघा.

मोएलागी : एकच मुलगा आहे रे मला.

डोबी : साहेब? कप्तान विचारतील. तेवीस घरं पाहिली म्हणून सांगू की चोवीस?

गिलख्रिस्ट : चोवीस.

डोबी : पण पडद्याआड...

गिलख्रिस्ट : हे घर मी स्वतः पाहिलंय. एक म्हातारी आणि एक अर्धी चटई. माझ्या नावावर लिही, डोबी. माणसं होडीत बसव.

डोबी : जशी आज्ञा. जातो, साहेब.

मोएलागी : तुझी नोकरी जाईल, लेकरा.

गिलख्रिस्ट : जाईलही. मला जरा उठायला हात द्या, पायाला मुंग्या आल्यात. आणि ही बाटली ठेवा.

मोएलागी : दारू?

गिलख्रिस्ट : आयोडिन, जखमेवरचं. दिवसातून दोनदा, स्वच्छ फडक्यानं. फार झोंबतं पण. आमची होडी खडकांपलीकडे जाईपर्यंत लावू नका.