हळू चालणाऱ्याच्या हाती काठी

बेंबळीच्या बंधूंनो, आयाबायांनो, हात जोडून शरणार्थी!

आपल्याच माणसासाठी आपल्याच मठात बसून रडायचं, तर त्यालाही सरकारची परवानगी लागते. तीन दिवस मी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या. कारकून विचारतो, "किती लोक जमणार? तकरीर कशावर?" मी म्हटलं, "भाषण वहाणांवर." त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. जमादारसाहेब, सरकारनं पाठवलंय म्हणून मागं भिंतीला टेकून बसलाहात, तर लिहून घ्या. आज मी वहाणांवरच बोलणार आहे.

कारण आपले बसाप्पा तेली लिंगैक्य झाले, आपल्याला सोडून गेले. पुष्कळ सभांतून मी गरजलो. आज हळूच बोलणार आहे. सांभाळून घ्या.

पाडव्याला श्रीशैलाचं शिखर दिसावं म्हणून आप्पा दरसाल आपल्याला पायी घेऊन गेले. वीस-बावीस मुक्काम. कन्नड मुलूख, कृष्णेचं पात्र, मग ते जंगल. निघायच्या महिनाभर आधी सगळं गाव जुन्या वहाणा घेऊन त्यांच्या घाण्यावर जायचं. एरंडेलात वहाणा मुरवायच्या, सावलीत वाळवायच्या, पुन्हा मुरवायच्या. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा घाण्यावर गेलो नाही. म्हटलं, ही अडाण्यांची रीत. सोलापूरहून करकरीत बूट आणले.

नळदुर्गच्या मुक्कामालाच टाचा फोडांनी भरल्या!

आप्पा आले. खाली बसले. माझा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला. मी लाजून ओढायला लागलो, तर म्हणाले, "गप ऱ्हावा मास्तर. लई वाचलंय तुमी, पर पुस्तकाला घट्टे पडत न्हाईत." सुई तापवून त्यांनी फोडातून दोरा ओवला, दोरा आतच ठेवला. पाणी हळूहळू झिरपलं. "कातडं ओढू नका. आल्या आल्या पाय धुऊ नका, आधी निवू द्या. तहान लागायच्या आधी घोटभर पाणी, पाय दुखायच्या आधी घडीभर बसणं. आन् निजताना पायाखाली गठुडं." एवढंच त्यांचं शास्त्र.

सकाळी त्यांनी आपली काठी माझ्या हातात दिली. "आता तुमी म्होरं." माझी छाती फुगली! वाटलं, आपलं वजन म्हाताऱ्यानं ओळखलं. दोन दिवस मी काठी आपटत मिरवलो. तिसऱ्या दिवशी मागून एक म्हातारी म्हणाली, "मास्तर, ती काठी मानाची न्हाय, लंगड्याची हाय!"

अख्खी वाट हसली. तुमच्यातले किती तरी हसले होते. आत्ताही हसताय. हसा. आप्पांना आवडेल.

जो सगळ्यात हळू, त्याच्या हाती काठी. तो पुढं. त्याला ओलांडून कुणी जायचं नाही. आणि आप्पा स्वतः सगळ्यांच्या मागं. मी चिडलो. "अशानं पोचणार कधी?" ते म्हणाले, "निधान, मास्तर, निधान." निधान म्हणजे कानडीत हळू. "पळणारा बी पोचतोय. पर पोचल्यावर मागं बघतोय, तर कोन न्हाय."

राजे आले, राजे गेले, तख्तं उलथली, ते सगळे इतिहास मी वाचलेत. ज्याचे पाय दुखतात त्याला पुढं घालून चाललेली फौज कुठल्याच पानावर भेटली नाही. ती मला बेंबळीच्या एका तेल्यानं दाखवली. जमादारसाहेब, हेही लिहा.

आता गावात बोललं जातंय, यंदा वाट बंद. वखत वाईट. आप्पा नाहीत. कोण नेणार?

कोण नेणार? अरे, आप्पांची पाठ कधी पाहिलीत का तुम्ही? एकदा तरी? ते तर शेवटी चालायचे! आपण आपल्याच पायांनी गेलो. ते फक्त मागं कुणी राहू नये एवढं बघत होते.

सुतक आपण मानत नाही. मग अडतंय कुठं? काल मी आप्पांच्या पत्नी गौरव्वांकडे गेलो. घाण्याजवळ रांजण झाकून ठेवलाय. अंथरूण धरायच्या आधी आप्पांनी एरंडेल काढून ठेवलं होतं. गौरव्वा म्हणाल्या, "तेल तयार हाय, मास्तर. वहाण एक बी आली न्हाय." मग त्या म्हणाल्या, "घाणा सोडून म्या कवा गेले न्हाय. यंदा येऊ म्हणते. पर गुडघे धरत्यात. तुमचा खोळंबा व्हईल."

मी म्हटलं, "गौरव्वा, गुडघे धरतात? मग काठी तुमची."

बंधूंनो, उद्या दिवस उगवताना प्रत्येकानं आपल्या वहाणा घाण्यावर आणायच्या. नव्या नकोत. जुन्या, पायाच्या ओळखीच्या. तो रांजण उद्या उघडला पाहिजे.

आता उठू या. पण निधान. ज्यांना उठायला वेळ लागतो ते आधी उठतील, बाकीचे थांबतील. सगळे उभे राहिले की कुणी बोलायचं नाही. आप्पा सवयीनं शेवटी उभे असतील. त्यांना मनातल्या मनात शरणार्थी करू, आणि जुन्या वहाणा शोधून काढायला घरी जाऊ.