पोत्यातला सरदार

निंबाच्या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीचं परीक्षण पितांबरने चांगलं लिहिलं आणि निंबाचं लग्न जामनेरला ठरलं. पण हे अजून घडलंच नाही, असं धरून चालू. तूर्त हे दोघे मित्र जळगावच्या मोटारस्टँडवर एरंडोलच्या रांगेत आहेत, आणि त्यांच्यामागे उभा असलेला अन्वर शिंपी ऐकतो आहे.

“जामनेरचे नाना तुझं साप्ताहिक अक्षर न अक्षर वाचतात, पितांबर. पोरगी द्यायची का नाही, ते तुझ्या परीक्षणावर ठरवणार.”

“मग मला सांग, तुझा सरदार चौथ्या प्रकरणात तापीत बुडतो आणि सहाव्यात घोड्यावर बसून येतो, तो कसा?”

“पोहला असेल.”

“पोत्यात घालून? वर धोंडा बांधून? तूच बांधलास, चांगली दोन पानं.”

“बांधताना मी रागात होतो.”

“कोणावर?”

“तुझ्यावर. पहिली तीन प्रकरणं वाचून तू जांभई दिली होतीस.”

“बरं, पाचव्यात काय आहे?”

“पाचव्यात सूर्योदय आहे.”

“नुसता?”

“मोठा आहे.”

“मग मी सरदार बुडतो तिथपर्यंतच लिहितो. बुडवलायस मात्र झकास.”

“आणि पुढचं?”

“पुढचं नानांनी लग्नानंतर वाचावं.”

गाडी आली, दोघे चढले, आणि अन्वरच्या नाकासमोर जागा संपली. गाडी सुटली तसा तो तडक चौकशीच्या खिडकीशी गेला.

“साहेब, एरंडोलची गाडी परत बोलावण्यात यावी, ही नम्र विनंती. एक इसम पोत्यात आहे. तो बाहेर कसा आला, याचा खुलासा व्हायचा आहे.”