कुशाबांचा पाय वरच

नाही, पण मला एक सांगा, माणसानं एक पाय वर करून उभं राहायचं तरी किती वेळ? बगळ्याचं ठीक आहे, त्याचं पोटच त्यावर चालतं... पण कुशाबा? सत्तरी ओलांडलेला माणूस, कमरेला शेला, उजव्या पायात घुंगरू, आणि हितेंद्रच्या लॅपटॉपवर तो पाय जो वर गेलाय, तो खाली यायचं नाव घेत नाही! हितेंद्र बटण दाबतो, ढोलकी वाजते, पाय उचलला जातो आणि... थांबलं. ढोलकी आपली पुढे निघून जाते, झांज पुढे जाते, गाणारे पुढचं कडवं घेतात, आणि कुशाबांचा पाय? वरच.

तुम्हाला सांगतो, या हितेंद्रला कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला? नायगावची बीडीडी चाळ दिवाळीनंतर रिकामी करायची, मग पाडायची, मग टॉवर. म्हणून यंदाच्या गणपतीत तिथला शेवटचा बाल्या नाच झाला, गोल धरून, घुंगरू बांधून, कोकणात नाचतात तसा. आता तो मोबाईलवर घेतला असता तर काय बिघडलं असतं? चाळीतल्या सगळ्यांनी घेतलाच की! पण हा पडला हौशी. ऑफिसात दिवसभर फायली ढकलणारा माणूस, एकदम कलावंत झाला. दादरला विनीत म्हणून त्याचा मित्र आहे, लग्नं शूट करतो, त्याच्याकडून भलामोठा कॅमेरा घेऊन आला. आणि शूटिंग केलं ते केलं, वर प्रत्येक मजल्यावर जाऊन जाहीर केलं, दसऱ्यानंतरच्या रविवारी चाळीसमोर पडदा बांधून सगळ्यांना दाखवणार म्हणून! जिभेला हाड नसलं की असं होतं बघा.

बरं, बाकीच्यांचं सोडा हो, त्यांनी नंतर कधीही पाहिलं असतं. पण कुशाबा सोमवारी गावाला निघायचे होते. कायमचे. मुलगा भाड्याच्या घरात जाणार, तिथं म्हाताऱ्याच्या खाटेला जागा कुठली? या माणसानं उभा जन्म त्या चाळीत काढला, दर गणपतीत नाचला, आणि त्यानं हितेंद्रकडे एवढंच मागितलं, "जायाच्या आदी माजा नाच मला एकदा दाव रं. मी सोता कदी बगितलाच नाय." खरंच की! आपलाच नाच आपण बघणार कसा? हितेंद्रला गलबलून आलं. म्हणाला, दाखवतो. आणि अडकला.

पहिल्यांदा कॅमेऱ्यातलं जसंच्या तसं लॅपटॉपवर लावलं. पाय वर. विनीतला फोन. विनीत म्हणतो, "अरे येड्या, कॅमेरा सगळं दाबून दाबून भरतो. तुझ्या डब्याला ते दरवेळी उलगडावं लागतं, त्याची फाटते रे. आधी ट्रान्सकोड कर, म्हणजे सुट्या फायली बनव. साइज वाढेल, पण चालेल मक्खन!" मग हितेंद्रनं ट्रान्सकोड लावलं. लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की शेजारचे विचारून गेले, मिक्सर बिघडलाय का? फायली एवढ्या फुगल्या की लॅपटॉपमध्ये मावेनात. मग बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणली, सगळं तिच्यात ओतलं, आणि खंडेनवमीला ते एकदाचं संपलं.

आता खंडेनवमी म्हटल्यावर हितेंद्रची आई, अंबिकाबाई, गप्प बसतील? त्यांचे यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, होते. त्या दिवशी गिरणीत साच्यांना हळदकुंकू, हार, नारळ. आता गिरणी गेली, यजमान गेले, घरात यंत्र म्हणावं असं उरलंय काय? शिलाई मशीन, मिक्सर आणि हा लॅपटॉप. त्यांनी सगळ्यांची यथासांग पूजा केली. डिस्कलासुद्धा झेंडूचं फूल! हितेंद्रनं नमस्कार केला, डिस्क जोडली, देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. मक्खन? कसलं मक्खन! कुशाबांचा पाय वरच. उलट आधी तो थोडा थरथरत तरी होता, आता पार पुतळा.

आणि हे सगळं दार उघडं ठेवून बरं का! चाळीत दिवसाढवळ्या दार लावायची सोय नाही. लावलंत तर घरात कुणीतरी सिरियस आहे किंवा भांडण आहे, आणि दोन्हीसाठी माणसं जमतात. म्हणजे दार लावा नाहीतर उघडं ठेवा, माणसं आहेतच. आठवडाभर दारात गर्दी. एकजण म्हणाला, ब्राइटनेस कमी कर, जोर कमी लागेल. एकीनं टेबलफॅन आणून लॅपटॉपसमोर लावला. कुणी म्हणालं, चित्राचा दर्जा उतरव. उतरवला. तर कुशाबांचं नाक कुठलं नि कान कुठला कळेना, पाय मात्र वरच! अंबिकाबाईंनी तर मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली, आणि मागाहून यंत्राला पुन्हा कुंकू लावलं, आधीचं कमी पडलं असेल म्हणून.

कुशाबा स्वतः रोज यायचे. दाराशी उकिडवे बसायचे, आपल्या पायाकडे बघायचे, आणि गुडघ्यावर हात टेकून उठून जायचे. हितेंद्रला ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

रविवार उजाडला. पोरांनी पडदा बांधला, खुर्च्या मांडल्या. हितेंद्रचं तोंड एवढंसं झालेलं. विनीतला पुन्हा फोन. तो म्हणतो, "भाई, आता एकच. डिस्कची पिन काढ, पुसून परत लाव." एवढा मोठा तज्ज्ञ, आणि सल्ला काय, तर पुसून लाव! पण हितेंद्रनं पिन काढली, तर काय... पिनेचं तोंड लालभडक! मोबाईलचा टॉर्च मारून लॅपटॉपच्या भोकात बघितलं. आत, अगदी तळाशी, कुंकवात माखलेला अखंड तांदूळ!

"आई, ह्याच्यात अक्षता टाकल्यास?"

"मग? पूजा काय दुरून करतात? तुझे बाबा साच्यालासुद्धा आतपर्यंत वाहायचे."

आता बोला! पिन पुरती आत बसतच नव्हती. सगळं जोडलंय असं दिसायचं, पण डिस्क आपली जुन्या रडतखडत वेगानं चालत होती. टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला धार करंगळीएवढी, मग बादली भरणार कधी? हितेंद्रनं दातकोरण्यानं तांदूळ काढला, भोक साफ केलं, पिन दाबली. खट्. बटण दाबलं. आणि तुम्हाला सांगतो, तो पाय खाली आला! खाली आला, परत वर गेला, गिरकी घेतली, घुंगरू वाजलं. अंबिकाबाई रडायला लागल्या. हितेंद्रही रडला, पण त्यानं ते घामात खपवलं.

संध्याकाळी अख्खी चाळ जमली. पडद्यावर नाच असा सुरेख सरसरत गेला की बस्स. संपला. टाळ्या? एक नाही. मागून कुणीतरी म्हणालं, बघणाऱ्यांतली माझी बायको कुठाय, आली कधी नि गेली कधी? एक बाई म्हणाली, हितेंद्रच्या दारातून बघायचे तेव्हा मी किती छान थांबलेली असायचे. हितेंद्रला वाटलं, यांना पडद्यासकट गुंडाळावं. तेवढ्यात कुशाबा उठून त्याच्याजवळ आले. डोळे पुसत होते.

"बेस केलंस रं, बाबा. पन लय बिगीनं सरलं. तुज्या दारात मी घटकाघटका हितंच हुबा दिसायचो. आता नाचलो नि गेलो. तो अडकल्यालाच दे मला. गावाला तोच लावून बसंन."

आता या माणसाला नाही कसं म्हणणार? हितेंद्रनं वेग कमी करून दाखवला, तर ढोलकी म्हशीसारखी रेकायला लागली. कुशाबा म्हणाले, ह्यो न्हवं, तो अडकल्याला. सोमवारी सकाळी कुशाबांची गावाला जायची वेळ झाली तरी हितेंद्र बसलाय. लॅपटॉपमधल्या मूळ फायली जागेसाठी त्यानंच काढून टाकलेल्या, कॅमेऱ्यातल्या विनीतनं कधीच पुसलेल्या. पिन अर्धवट बसवून पाहिली, तर डिस्कच दिसेना. मग परत अडकावं म्हणून दर्जा चढवला, बॅटरीवर टाकलं, नको नको ते प्रोग्रॅम एकदम उघडले, पंखा बंद केला... आणि ते मेलं असं झरझर चाललंय की विचारू नका! कुशाबा पिशवी धरून दारात उभे. शेवटी हितेंद्रनं विनीतला फोन लावला, सगळं सांगितलं. विनीत शांतपणे म्हणाला,

"चालतंय ना रे नीट? मग तुझी तक्रार काय आहे?"