रविवारी कुठे वाजवायला जाताय?

गिऱ्हाईक म्हणजे काय चीज असते, ते मला विचार. घाटकोपरला आमचा बँड होता ना, तेव्हा आमच्या तालमीच्या खोलीमागच्या चाळीतले एक काका येऊन म्हणाले, "रविवारी कुठे वाजवायला जाताय?"

"नाही, मोकळेच आहोत."

"बरं, बघतो," म्हणाले आणि गेले.

तेवढ्यात मुलुंडच्या लग्नाची सुपारी आली, तीही रविवारचीच. येरझाऱ्या घालून माझी वाट लागली. काकांच्या मागे जावं तर भाव पडतो, न जावं तर गिऱ्हाईक जातं. शेवटी गेलोच.

"काका, मुलुंडवाले बोलावतायत. तुमचं काय ठरलं?"

"अरे, जा ना मग! रविवारी मुलीला बघायला येतायत, तेवढीच शांतता."

"मग जमलं तर लग्नात बँड आमचाच ना?"

"छे रे! तुमचा रोज ऐकतो ना मी."