सहावा ठिपका

— नाही, बसत नाही, आणि बोलणार तर त्याहून नाही. मला ताकीदच आहे तशी. लेकीनं घरातून निघताना दारात उभं राहून बजावलंय — आई, लॅपटॉप द्यायचा, हा कागद द्यायचा, सही घ्यायची आणि परत यायचं, मध्ये एक शब्द नाही. आता तुम्हीच सांगा, दादा, मी काय बडबडी बाई वाटते? नाही ना? तेच तर. तेव्हा हा घ्या कागद. यात सगळं आहे — तक्रारीचा नंबर, तिनं दोन महिन्यांत तुमच्या कंपनीला लिहिलेली नऊ पत्रं, कंपनीनं नऊ वेळा पाठवलेलं तेच एक उत्तर, आणि हा ठिपक्यांचा नकाशा. हो, नकाशाच. पेन्सिलीनं काढलाय, भिंग लावून. सहा ठिपके आहेत स्क्रीनवर, पाच गोलात आणि एक मधोमध. तुमचाच नियम आहे ना, पाचापर्यंत असले तर तो दोष धरायचा नाही? काय नियम आहे, वा. मला तर फार आवडला. दुधात पाच माश्या असतील तर ते दूधच, सहावी पडली की बोलू. पोरगी दोन दिवस भिंग घेऊन बसली आणि तिनं सहावा शोधून काढला, म्हणून तर तुम्ही आज दार उघडलंत. मी तिला म्हटलंसुद्धा, कंपनी चुकली खरी, पण कशी नीटनेटकी चुकली बघ, अगदी फूल काढल्यासारखी. हसली नाही ती. अलीकडे माझ्या बोलण्यावर हसत नाही फारशी.

ती का नाही आली? येणार कशी, मैत्रिणीच्या घरी बसलीय, तिच्या संगणकावर काम करत. लहान मुलांच्या पुस्तकातली चित्रं काढते ती — ससे, कावळे, ढग, बूट घातलेली मांजरं, असलं सगळं. आता ठिपके पांढरे, आणि चित्र तर त्याच स्क्रीनवर काढायचं. पहिल्यांदा काय झालं, ती ते ठिपके चित्रातलेच समजून तासभर पुसत बसली. पुसतेय, पुसतेय, जातच नाहीत. मग कळलं की हे चित्रात नाहीत, काचेत आहेत. बरं, कळलं ते बरंच झालं म्हणायचं, तर त्यातून दुसरं निघालं — कावळ्याच्या डोक्यावर एक पांढरा ठिपका खरोखरच चित्रात राहिला होता, आणि हिला वाटलं हाही तुमचाच. सोडून दिला. छापून आलं ना पुस्तक. प्रकाशकानं फोन करून विचारलं, कावळ्याच्या डोक्यावर कुठल्या पक्ष्यानं प्रसाद टाकला म्हणून. आम्हाला काय, हसू आलं असतं एरवी. पण त्यानं सांगितलं, पुढच्या पुस्तकात असलं काही दिसलं तर काम दुसऱ्याला. ते पुस्तक द्यायला आता आठ दिवस आहेत. आठ. म्हणून म्हणते, तुम्ही सही करा, नवी स्क्रीन बसवा, आणि मला मोकळी करा. ही वायर कसली लावताय — तिचं काम आधी दुसरीकडे उतरवून घेताय होय, घ्या, घ्या.

काय? हे ठिपके त्या जातीचे नाहीत? ठिपक्यांच्या जाती असतात हे मला नवीनच आहे हो. एक काचेतला बारका दिवा विझतो तो ठिपका वेगळा, आणि दाब पडून झालेला वेगळा. बरं. आणि दाबाचा असला की तुमची जबाबदारी संपली. किती सोयीचं आहे. म्हणजे आपोआप झालं तर कंपनीचं, पण आपोआप होत कधीच नाही. आणि दाब कोण देणार त्याच्यावर? आमच्या घरात दोन माणसं. ती आणि मी. नवरा होता तेव्हाही कुणी कशावर दाब दिला नाही, बिचारा दारसुद्धा लोटायचा नाही, उघडं दिसलं तर आत यायचा. आणि मागे बघा तुमच्या, भिंतीवर — एवढा मोठा फोटो लावलाय, लॅपटॉपवर हत्तीनं पाय ठेवलाय आणि खाली लिहिलंय की मजबुतीत तडजोड नाही. हत्ती चालतो तुम्हाला. आम्ही दोघी बायका मिळून हत्तीपेक्षा जड झालो का?

ठेवते कसा ते विचारताय? विचारा, विचाराच. या बाबतीत मला कुणी नावं ठेवून दाखवावीत. माझ्या माहेरी शिवणयंत्र होतं, आईनं चाळीस वर्षं वापरलं, विकलं तेव्हा घेणारा म्हणाला, नवंच दिसतंय. आमच्यात वस्तू वापरतात कमी आणि पुसतात जास्त. आता माझी लेक, हुशार आहे, हातात कला आहे, पण वस्तूंची कदर म्हणाल तर शून्य. सकाळभर काम करते, दुपारी बारा-साडेबाराला छापखान्यात जाते रंग तपासायला, आणि हा लॅपटॉप तसाच. उघडा. आ वासून. खिडकी रस्त्याकडची, समोर इमारतीचं काम चाललंय, सिमेंट उडतंय नुसतं, आणि हा बसलाय तोंड उघडं टाकून. एकदा मी म्हटलं, अगं, झाकत जा, वर काहीतरी घालत जा. तर म्हणाली, आई, त्याला हात लावू नकोस, त्यात काही ठेवू नकोस, तो माझा आहे. ठीक आहे. तुझा तर तुझा. मी कुठं माझा म्हणतेय.

म्हणून मी फक्त ती गेल्यावर जाते. हे कागदात नाहीय, तुम्ही लिहू नका. ती बाहेरचं दार ओढून घेऊन गेली की मी तिच्या खोलीत जाते, लॅपटॉप पुसते — कोरड्या फडक्यानं हो, मला कळतं तेवढं, पाणी-बिणी नाही लावत — आणि मग आत, बटणांवर, कापड घालते, म्हणजे झाकण बंद केलं तरी काचेला बटणं घासायला नकोत. पाचच्या आधी परत काढते आणि होता तसा उघडा करून ठेवते. एक दिवस खाडा नाही. तिला अजून पत्ता नाही. सांगायची गोष्ट नाहीच ती, आईनं करायची गोष्ट आहे. करायची आणि गप्प बसायचं.

कापड? आणलंय की, हे काय पिशवीत. परत नेताना आत घालायला नको का, तुमच्याकडे काय भरवसा. बघा. हात लावून बघा, कसं मऊ आहे ते. तिचंच दुपटं आहे, जन्मली तेव्हाचं. याच्यात गुंडाळून आणली होती तिला घरी. चौपदरी घडी घातली की बरोब्बर बटणांवर बसतं. कडेनं टीप मारून घेतलीय आणि एका कोपऱ्याला हे छोटंसं फूल काढलंय, गाठीच्या टाक्याचं — म्हणजे वरची बाजू कुठली ते कळावं. गाठी चांगल्या टपोऱ्या आहेत, दोरा तीन पदरी घेतलाय, उगाच कंजूषपणा नाही केला. फक्त एक, झाकण तेवढं नीट बसायचं नाही वर. तुमची बिजागरी. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या कंपनीला साधी बिजागरी जमू नये. मग मी वरून दोन पुस्तकं ठेवायला लागले, जाडजूड, नवऱ्याचे शब्दकोश. दोन तासांत गप्प बसायचं झाकण.

लिहिताय काय तुम्ही? आत्ता कुठं मी काय सांगितलं लिहिण्यासारखं? बरं, लिहा, सांभाळून वापरते हे लिहा. चांगलंच आहे ते.

कशाला हवंय कापड? घ्या. पसरा. उघड्या स्क्रीनवर कशाला पसरताय — बरं, तुमचं तुम्हाला माहीत. असं नाही, उलटं धरलंत. फूल वरच्या अंगाला, या कोपऱ्यात येतं ते. हां. तसं.

— तिरकं ठेवलंत तुम्ही. सरळ करा.

— थोडं डावीकडे.

पाच पाकळ्या. आणि मधली एक.

मधली मी नंतर घातली होती, ठाऊक आहे? पाच पाकळ्या झाल्या, मधे रिकामं दिसत होतं, म्हटलं एक गाठ मारून टाकू, दोरा उरलाय. तिनं भिंग लावून शोधला तो हाच. सगळ्यांत बारका होता, दिसत नव्हता दोन दिवस.

नाही, पाणी नको मला. बसते. बसते जरा. या खुर्च्या एकमेकींना जोडून का ठेवता हो तुम्ही, एक हलली की चारही हलतात. थांबा, लगेच पूर्ण करू नका ते. आधी ऐका. तुमच्याशी भांडत नाहीय मी. स्क्रीन फुकट मिळणार नाही, नको मिळू दे, माझ्या शिलकीतून घाला, आजच्या आज घाला, तिचं पुस्तक अडता कामा नये, एवढंच. माझं म्हणणं फक्त त्या रकान्याबद्दल आहे. त्या कागदावर कारणाचा एक रकाना आहे ना? आणि तो कागद तिला जाणार. जाणारच, तक्रार तिच्या नावावर आहे.

तिनं वेगळं राहायला खोली बघितलीय. मी सांगितलं नाही ना हे? बसनं वीस मिनिटांवर, लांब नाही, मी हिशेब केलाय. अजून हो म्हणाली नाहीय. म्हणाली, हे पुस्तक होऊ दे, मग ठरवते. मी विचारलं, काय कमी आहे गं तुला इथं? मला वाटलं जागा म्हणेल, उजेड म्हणेल. तर म्हणाली, "आई, या घरात मी कुठंही हात ठेवायला गेले की तुझा हात आधीच तिथं असतो." भांडून नाही हो म्हणाली. प्रेमानंच म्हणाली, माझ्या हातावर हात ठेवून. मी म्हटलं, बरं, आता नाही असणार. म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता गेलेच की मी खोलीत, कापड घेऊन. हात लावत नव्हते ना, झाकत होते फक्त. मला वाटलं, ते वेगळं.

आता तुम्ही लिहिणार — आत कापड ठेवून वर वजन ठेवल्यामुळे. रोज. तिला हे कळलं तर ती चिडणारसुद्धा नाही, तेच तर आहे. नुसतं वाचेल आणि खोलीला हो म्हणेल.

म्हणून म्हणते, पडला असं लिहा. पुसताना माझ्या हातून पडला. पडणं कसं, साधं असतं. कुणाच्याही हातून पडतं. ती दोन दिवस बोलणार नाही, तिसऱ्या दिवशी विचारेल, पायावर नाही ना पडला तुझ्या? पडण्याला माफी असते, दादा. तुम्हाला काय फरक पडतो? दोन्हीत तुमची कंपनी निर्दोष. मजबूतच्या मजबूत. हत्ती तसाच राहू दे भिंतीवर.

खोटं लिहिता येत नाही? नऊ वेळा तेच उत्तर छापून पाठवता तेव्हा येतं ना. — बरं, चुकलं, तुम्ही नव्हतात पाठवणारे. तुम्ही आपले नेमाचे. आणि कोपऱ्याला पोचा नाही, हेही खरं. वरचे लोक विचारणार, पडला तर लागलं कुठं. बरोबर आहे त्यांचं, मीही विचारलं असतं.

एक सांगा. तिचं आतलं काम मघाशी तुम्ही दुसरीकडे उतरवून घेतलंत, ते सगळं आलं? नीट बघितलंत? सगळं. कावळा-बिवळा सगळं. बरं. आणि ही स्क्रीन तर काढून टाकायचीच आहे. म्हणजे हिचं आता आणखी वाईट काही व्हायचं राहिलेलं नाही. पुसायची राहिलीय फक्त, केवढी ही बोटं उठवलीत तुम्ही तिच्यावर. करा इकडे, मी पुसते. कोपरा कुठला म्हणालात? हा? चांगला जड आहे की —

अगं बाई.

निसटला. पुसताना निसटला. तुमच्या डोळ्यांदेखत झालं, आणि या मागच्या काकांनीही बघितलं. बसा हो काका, काही नाही झालं, कुणाच्या पायावर नाही पडला. उचला, दादा. बघा कोपरा. आहे ना आता? मग आता खोटं नाही ते. लिहा. माझ्याकडे काय बघताय? वजन होतं त्याला. लिहा तुम्ही, पुसताना हातून पडला, आणि सही कुठं करायची तेवढं दाखवा.