स्कॅनरलाही पाच नंबरच पाहिजे

...आणि वर मलाच विचारतात, ‘एक कार्ड बसवायला एवढा वेळ?’ अहो, एकच असतं तर मी कशाला कुरकुरलो असतो? दोन होती, दोन! एक बघणारं, एक बोलणारं. आणि दोघांनाही पाच नंबरच पाहिजे!

थांबा, नीट सांगतो. आमची आत्या, वडिलांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते. तिचा जन्म गेला छापखान्यात, मुद्रितं तपासण्यात. चुकीचा अनुस्वार तिच्या हातून कधी सुटला नाही. आणि डोळे गेले ते नेमके तिचेच! म्हणजे अगदी अंधार नाही हो, कडेकडेचं दिसतं, पण जिथे बघावं तिथेच मधोमध काळा डाग. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. पेपर दिसतो, अक्षर दिसत नाही. मग पेपर वाचून कोण दाखवणार? सकाळी मी, उरलेला दुपारी आमची ही. मी तोंड उघडलं की, ‘अरे गधड्या, तिथे स्वल्पविराम होता, गिळलास.’ न बघता! हिच्या वाचण्याबद्दल कधी तक्रार नाही. पण एक दिवस मला जवळ बोलावून हळूच म्हणते, ‘तुझी बायको गाळते.’

‘काय गाळते?’

‘ते कळलं असतं तर गाळलं म्हटलं असतं का? मला ते वाचणारं मशीन आण. मशीन गाळत नाही.’

आता घरात एक जुना कॉम्प्युटर होताच. ही त्यावर शिकवणीच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका छापते. मी म्हटलं, त्यालाच एक स्कॅनर लावू, तो कागद बघेल, आणि एक आवाजाचं कार्ड बसवू, ते बोलेल. सोपं! दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याचं नाव आम्ही ठेवलंय ‘होऊन-जाईल’. काहीही विचारा... ‘होऊन जाईल, साहेब!’ त्यानं झाकण उघडलं, दोन्ही कार्डं खाचेत दाबली, झाकण लावलं, बटण दाबलं. आत्या पुढे सरसावून बसली. स्कॅनरचा दिवा अर्ध्या पानापर्यंत आला आणि... गप्प! सगळंच गप्प. माउस हलेना, की-बोर्ड ऐकेना.

आवाजाचं कार्ड काढलं, स्कॅनर उत्तम. स्कॅनरचं कार्ड काढलं, आवाज उत्तम. दोन्ही घातली की मौन! म्हणजे बघता येतं तेव्हा बोलता येत नाही आणि बोलता येतं तेव्हा दिसत नाही. मी विचारलं, ‘अहो, ही काय भानगड?’ तर तो डोकं खाजवत म्हणतो, ‘साहेब, प्रत्येक कार्डाची एक घंटा असते. काम निघालं की कार्ड घंटा वाजवतं, कॉम्प्युटर हातातलं टाकून त्याच्याकडे बघतो. घंटा मोजक्याच, त्यांना नंबर असतात. की-बोर्डाला एक दिलाय, माउसला एक, डिस्कला एक... आता या दोघांनीही पाचवीच धरलीय. त्याला कळत नाही कोण बोलावतंय.’

‘मग एकाला दुसरा नंबर द्या की!’

‘होऊन जाईल!’

कसा देतात ठाऊक आहे? कार्डावर बारीक पिना असतात, त्यांवर तांदळाच्या दाण्याएवढी टोपी. ती टोपी उचलायची आणि शेजारच्या पिनांवर बसवायची. यानं उचलली... आणि उडाली! गालिच्यात! तो, मी आणि ही, तिघं गुडघ्यांवर. आत्या खुर्चीतून, ‘सापडली का? सापडली का?’ शेवटी ही ‘आई गं!’ म्हणून ओरडली. टाचेत रुतली होती.

आणि एवढं करून कळलं काय? स्कॅनरच्या कार्डाला पाच सोडून दुसऱ्या नंबराची पिनच नाही! त्याला पाच नंबरच पाहिजे! मग आवाजाच्या कार्डाला म्हटलं, बाबा रे, तू तरी सरक. ते सरकलं सातवर. बटण दाबलं. दिवा खालपर्यंत गेला. आवाज आला! आत्यानं माझा हात गच्च धरला. मशीन म्हणालं, ‘आज.’

मी म्हटलं, वा!

मशीन म्हणालं, ‘आज... आज... आज... आज... आज...’

थांबेना हो! होऊन-जाईल कानात बोटं घालून म्हणतो, ‘साहेब, सात नंबर प्रिंटरचा आहे.’ मग आधी कुठे होतास रे, शहाण्या? तिसरा नंबर द्यावा तर या कार्डाला पाच आणि सात, दोनच पिना! शेवटी आत्याच म्हणाली, ‘थांबवा ते आधी. मला सांग, प्रिंटरला रोज घंटा लागते का?’

आम्ही सगळे हिच्याकडे बघायला लागलो. कारण प्रिंटर कुणाचा? हिचा. होऊन-जाईल म्हणतो, ‘वहिनी, प्रिंटरची जोडणी बंद केली की सात मोकळा. पण मग छापता येणार नाही.’ मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. तर हिनं प्रिंटरमधले कोरे कागद काढून घेतले. मग म्हणाली, ‘करा बंद. प्रश्न मी हातानं लिहीन.’ आणि मला आत बोलावून अगदी हळू, ‘अहो, पण हे मशीन खरंच सगळं वाचतं?’

‘सगळं. गाळायची सोयच नाही त्यात.’

हिचा चेहरा पडला. मी म्हटलं, ‘काय झालं?’ तर काही नाही म्हणून पाणी प्यायला गेली.

प्रिंटर बंद केला. पेपरची घडी काचेवर ठेवली. आणि मशीन वाचायला लागलं! आवाज कसा, तर सर्दी झालेल्या कारकुनासारखा. पण स्वल्पविरामाला थांबलं! आत्या खुश. मी घडी उलटली. मशीननं हवामान वाचलं, भाजीचे भाव वाचले आणि त्याच सुरात, न थांबता, निधनवार्ता वाचली. एक नाव आलं, त्यापुढे ‘निवृत्त जुळारी’. आत्याच्या छापखान्यातला, अक्षरांचे खिळे जुळवणारा. उभा जन्म ती त्याच्या चुका काढत आली होती आणि तो तिच्याशी भांडत आला होता.

होऊन-जाईलनं हळूच मशीन थांबवलं. आत्या हिला म्हणाली, ‘हेच गाळत होतीस का गं?’

‘हो, आत्या.’

‘आणखी कोण कोण गेलं?’

ही तिच्या पायाशी बसली आणि एकेक नाव सांगायला लागली. दूरची मावसबहीण, शेजारची शिंपीण, तिच्या वेळचे मुख्य संपादक. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, दुसरं करणार काय? प्रत्येक नावाला आत्या नुसती मान हलवत होती. शेवटी तिनं हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तुझा जीव चांगला आहे. पण माझी माणसं आहेत ती. मला कळायला नको?’ ही रडली. मग आत्या माझ्याकडे वळली, ‘त्या जुळाऱ्याचं आडनाव चुकीचं वाचलं मशीननं. पेपरात बघ.’ बघितलं, पेपरातच तसं छापलेलं. ‘फोन लाव. माणूस गेला, निदान नाव तरी शुद्ध जाऊ दे.’

लावला फोन. दुसऱ्या दिवशी चौकटीत दुरुस्ती छापून आली. ती मशीननं तिला वाचून दाखवली. कधी नव्हे ती डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता म्हणते, ‘दुरुस्तीत काना राहिलाय.’

झालं! तेव्हापासून कामाला लागलीय. आणि पेपर केवढा, स्कॅनर केवढा! एक पान चार घड्या करून, तेही सरळ रेषेत ठेवावं लागतं. तिरकं गेलं की मशीन भलतंच बरळतं. आत्याला तर काचेची कड दिसत नाही, हिची शिकवणी असते. मग कोण ठेवणार? सांगा ना, कोण?... लोक विचारतात, एवढा खटाटोप केलात, फरक काय पडला? पडला ना! पूर्वी पेपर मी बसून वाचत होतो. आता मशीन बसून वाचतं आणि मी उभा असतो.